भाकरी एकच, भूक निराळी

बेळगावच्या खासबागेत रविवारी बाजार भरतो. मेथी-शेपूच्या जुड्या, रताळ्यांचे ढीग, मोडाची मटकी, पिवळी लिंबं. खासबाग, शहापूर, वडगाव हा सगळा मागांचा पट्टा, त्यामुळे या बाजारातल्या कितीतरी पिशव्या विणकरांच्याच घरी जातात. असं एक घर डोळ्यांपुढे आणा. तव्यावर ज्वारीची भाकरी, बाजूला मटकीची उसळ आणि वरणभात. जेवायला आजोबा, नातू, नातसून आणि शाळेत जाणारी धाकटी नात. स्वयंपाक एकच, पण ही चार शरीरं त्याच अन्नाकडे चार वेगळ्या गोष्टी मागतात. मला याचं फार नवल वाटतं.

आजोबांनी तरुणपणी हातमाग चालवला. पाय खाली दाबत, हाताने धोटा फेकत, दिवसभर. नातवाच्या यंत्रमागावर धोटा वीज फेकते. तासन्‌तास उभं राहून तुटले धागे सांधत फिरणं सोपं नाहीच, पण पूर्वीचे ते हातापायांचे कष्ट आता मोटर करते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या आकड्यांप्रमाणे ६५ किलो वजनाच्या पुरुषाला बैठ्या कामासाठी रोज २११० उष्मांक लागतात, मध्यम कष्टांसाठी २७१० आणि जड कष्टांसाठी ३४७०. वजन तेच, काम बैठ्याचं मध्यम झालं तरी ६०० उष्मांक वाढतात, म्हणजे जवळजवळ अडीच भाकऱ्या! आजोबांच्या तरुणपणीचं पान नातवाने तसंच वाढून घेतलं, तर त्यातला उरलेला भाग पोटावर साठणार.

नातसुनेचं गणित याहून चकित करणारं आहे. ५५ किलोच्या बाईला मध्यम कष्टांसाठी २१३० उष्मांक पुरतात, पुरुषापेक्षा बरेच कमी. लोह मात्र पुरुषाला १९ मिलिग्रॅम, तर तिला २९. पाळीत दर महिन्याला रक्त जातं आणि त्याच्यासोबत लोहही. तेव्हा कमी अन्नातून जास्त लोह मिळवायची कसरत तिच्या वाट्याला येते. घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं तिच्या पानात पडत असेल, तर हा हिशोब जुळणार कसा?

इथे बाजारातलं लिंबू कामाला येतं. भाकरी, उसळ, पालेभाजी यांतलं लोह आतड्याला सहजासहजी शोषता येत नाही, बरंचसं तसंच पुढे निघून जातं. उसळीवर लिंबू पिळलं की त्यातलं क जीवनसत्त्व या लोहाचं रूप पालटतं, ते विरघळलेलं ठेवतं आणि आतड्याच्या पेशी ते उचलतात. जेवणावर लगेच घेतलेला चहा याच्या अगदी उलट वागतो. चहातली तुरट द्रव्यं लोहाला धरून बसतात. चहा तासाभराने घेतला तर लिंबाचं काम वाया जात नाही.

आजोबांची अडचण वेगळीच. वय वाढलं की अनेकांच्या जठरात आम्ल कमी तयार होतं आणि अन्नातलं ब-१२ जीवनसत्त्व पुरेसं सुटं होत नाही. भाकरी, डाळ, भाजी यांत तर ते मुळी नसतंच. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून येतं. नातीची हाडं वाढताहेत, तिला कॅल्शियम हवं. वाटीभर दही या दोघांच्याही उपयोगाचं, कारणं मात्र दोन.

बरं, वय, वजन, काम सगळं सारखं असलं तरी शरीरं सारखी असतातच असं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, तंतोतंत सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांमध्ये २१.२! याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही मोजली. ती सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं इतकी हलकी असूनही स्नायूंत जेवढी कमी भरली, तेवढी चरबीत कमी भरली नाहीत. काटा वजन सांगतो, ते कशाचं आहे हे सांगत नाही.

ही घडण सुरू तरी कधी होते? बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात भाग घेतला. काही स्त्रियांना गर्भ राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून पूरक आहार दिला, काहींना गर्भारपणाच्या बाराव्या आठवड्यापासून आणि काहींना दिलाच नाही. २०१९ साली निष्कर्ष आले. पूरक आहार मिळालेल्या मातांची बाळं जन्मतः अधिक लांबीची होती आणि हा फायदा आधीपासून सुरुवात केलेल्यांमध्ये जास्त दिसला.

खासबागेतल्या त्या घरात जेवायला चौघंच बसलेली दिसतात. नातसुनेच्या पानात मात्र अजून न आलेल्या पाचव्याचाही वाटा असू शकतो.