दोन बेटांमधलं अंतर

नकाशावर पट्टी ठेवली, सेंटिमीटर मोजले आणि प्रमाणाने गुणले, की झालं अंतर! पुणे ते सातारा असं मोजलं तर फारसं बिघडत नाही. पण हीच पट्टी मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यामध्ये ठेवाल, तर फसाल. नकाशा सपाट आणि पृथ्वी गोल. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल, तर त्यावर या दोन शहरांमध्ये एक दोरा ताणून पाहा. दोरा चक्क उत्तर ध्रुवाच्या जवळून जातो! विमानाचा सर्वांत जवळचा मार्ग तोच.

पण एवढ्याने वैमानिकाचं भागत नाही. जमीन स्थिर असते, हवा स्थिर नसते. समजा, विमान ताशी २४० किलोमीटर वेगाने उडतं आणि मुक्काम २४०० किलोमीटरवर आहे. म्हणजे दहा तास. आता समोरून ताशी ४० किलोमीटरचा वारा आला, तर वेग उरला २०० आणि तास झाले बारा. दोऱ्याचं अंतर तेच राहिलं, पण हवेतून काटावं लागलं २८८० किलोमीटर. आणि पेट्रोल जळतं ते या दुसऱ्या अंतराच्या हिशेबाने.

जमिनीवर ही चूक निभावते. वाटेत कुठे तरी उतरता येतं. पॅसिफिक महासागरात मात्र तशी सोय नाही. १९३७ साली अमेलिया इअरहार्ट ही अमेरिकन वैमानिक पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. जूनमध्ये ती कराची आणि कलकत्ता इथे उतरून पुढे गेली. २ जुलैला तिने न्यू गिनी बेटावरचं ले हे गाव सोडलं. सोबत मार्गदर्शक फ्रेड नूनन. मुक्काम होता हाउलंड बेटावर, सुमारे ४१०० किलोमीटर दूर. बेट केवढं? लांबी जेमतेम दोन-अडीच किलोमीटर, रुंदी किलोमीटरभरही नाही! एवढ्या पल्ल्यावर दिशेत एका अंशाची चूक झाली, तरी विमान ६५-७० किलोमीटर बाजूला जातं. सुमारे वीस तासांनी बेटाजवळ उभ्या असलेल्या जहाजाला तिचा निरोप मिळाला, की आपण जवळच असायला हवं, पण जहाज दिसत नाही, पेट्रोल संपत आलं आहे. पुढे ते विमान कोणालाच दिसलं नाही. नेमकं काय चुकलं, हे आजतागायत ठरलेलं नाही.

म्हणूनच वाऱ्याचा हिशेब ठेवणाऱ्या माणसांचं मोल मोठं. हवामान खात्याचं मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं. पुढे ते दिल्लीला गेलं, पण शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आपण अजूनही 'सिमला ऑफिस'च म्हणतो. आकाशात फुगा सोडायचा, दुर्बिणीने त्याचा माग घ्यायचा आणि तो कुठे वाहवत जातो यावरून वरच्या वाऱ्याची दिशा नि वेग काढायचा, ही या खात्याची जुनी रीत. रस्त्यावरून जाणाऱ्याला पोरखेळच वाटेल! पण त्या फुग्यावरून निघालेला आकडा वैमानिकाला सांगतो, की टाकीत पेट्रोल किती भरायचं.

आज कुणाचा मुलगा, कुणाची सून समुद्रापार विमानाने जाते. निघण्यापूर्वी वाटेतल्या वाऱ्याचा हिशेब होतो, आणि ठरलेल्या जागी उतरता आलं नाही तर दुसरीकडे पोहोचण्यापुरतं जादा इंधनही बरोबर असतं. तेव्हा पुढच्या वेळी कुणी विचारलं, "अंतर किती हो?" तर आकडा जरूर सांगा, पण हळूच विचारा, "आणि वारा कुठला आहे?"