कॉर्नर बॅलन्सिंग: चार आकडे सारखे येत नसतातच

टायरच्या दुकानात ‘अलाइनमेंट-बॅलन्सिंग’ ही जोडी इतकी रुळली आहे, की कॉर्नर बॅलन्सिंग म्हटलं की बहुतेकांना तेच आठवतं. पण टायरवाला करतो ते चाकाचं बॅलन्सिंग: रिमला छोटी वजनं चिकटवून चाकाची थरथर घालवायची. अलाइनमेंटमध्ये चाकांचे कोन जुळवतात. कॉर्नर बॅलन्सिंगमध्ये गाडीचं वजन चार चाकांवर कसं पडतं ते चार काट्यांवर मोजतात आणि स्प्रिंगची बैठक वर-खाली करून ते जुळवतात.

रोज ऑफिसला नेण्याच्या गाडीला याची काडीचीही गरज नाही. प्रश्न आहे तो स्वतःची गाडी ट्रॅक डेला नेणाऱ्यांचा. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट इथे आपल्याकडचे हौशी चालक गाड्या घेऊन जातात. कॉर्नर बॅलन्सिंग ही चैन आहे की गरज, यावर त्यांच्यात दोन टोकांची मतं ऐकू येतात. माझ्या मते दोन्ही चुकीची आहेत.

सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज असा की चारही चाकांवर सारखं वजन यायला हवं. इंजिन पुढे आणि चालक उजवीकडे असताना ते शक्यच नाही, आणि तसं करायचंही नसतं. जुळवायचे असतात ते कर्ण. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक मिळून एक कर्ण, पुढचं उजवं आणि मागचं डावं मिळून दुसरा. दोन्हींवर निम्मं-निम्मं वजन आलं की काम झालं.

उदाहरणादाखल चालकासह ११२० किलोची एखादी हॅचबॅक घेऊ. काट्यांवर आकडे आले: पुढे डावीकडे ३१०, उजवीकडे ३७०; मागे डावीकडे २३०, उजवीकडे २१०. पुढचं उजवं आणि मागचं डावं मिळून ६०० किलो, म्हणजे जवळजवळ ५४ टक्के. दुसऱ्या कर्णावर उरले ५२०. अशी गाडी डाव्या वळणात नाक बाहेर टाकते आणि उजव्या वळणात तिची शेपूट सैल पडते. जोरात ब्रेक मारला की पुढचं डावं चाक आधी लॉक व्हायला बघतं, कारण त्याच्यावर ६० किलो कमी आहेत. चालकाला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय.

स्प्रिंगच्या बैठकी फिरवून हेच आकडे ३३०, ३५०, २१० आणि २३० वर आणता येतात. दोन्ही कर्ण ५६० झाले. चार आकडे अजूनही वेगवेगळेच आहेत, तरी गाडी समतोल झाली. बेरजा करून पाहा: पुढचं वजन आधीही ६८० होतं, आताही ६८०च, मागचं ४४०, डावं ५४०, उजवं ५८०, सगळं जिथल्या तिथे. म्हणजे या कामाने वजन पुढून मागे किंवा उजवीकडून डावीकडे सरकतं ही समजूतही खोटी ठरते. त्यासाठी वस्तूच हलवावी लागते: स्टेपनी काढा, बॅटरी डिकीत न्या, मागची सीट उतरवा. बैठक फिरवून बदलतो तो फक्त कर्णांवरचा भार. एक पाय आखूड असलेला चौरंग कर्णावरच्या दोन पायांवर डुगडुगतो, तसंच हे.

काही जण फेंडर आणि टायरमधलं अंतर टेपने मोजतात, चारही बाजू जुळवतात आणि गाडी बॅलन्स झाली असं म्हणतात. पत्र्याची कड हे मोजमापाचं साधन नव्हे. चाकाजवळ ६ किलो प्रति मिलिमीटर कडकपणाची स्प्रिंग धरली, तर एका कोपऱ्याची उंची एका मिलिमीटरने बदलली की चारही चाकांवर साधारण दीड-दीड किलोचा फरक पडतो, दोन चाकांवर वाढ आणि दोन चाकांवर घट. टेप धरताना हात हलला तरी याहून जास्त चूक होते.

म्हणूनच काटे ठेवायची जागा काटेकोर समतल लागते. गॅरेजच्या फरशीला पाणी जायला उतार दिलेला असतो. तो न तपासता काटे मांडले तर आपण गाडी नव्हे, फरशी मोजतो. गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल नळी इथे छान चालते. कमी पडेल तिथे काट्याखाली पत्र्याचे तुकडे सारायचे. मग टायरमधली हवा नेहमीची, पेट्रोल ट्रॅकवर असतं तेवढं, आणि चालक सीटवर किंवा त्याच्या वजनाची वाळूची पोती. रिकाम्या गाडीवर घेतलेले आकडे जवळजवळ निरुपयोगी, कारण ७५ किलोचा माणूस उजव्या बाजूला बसणार आहे. डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या अँटी-रोल बारची लिंक सोडायची, नाहीतर बार स्वतःच पिळून आकडे बिघडवतो. प्रत्येक बदलानंतर गाडी पुढे-मागे ढकलून, दाबून बसवायची आणि मगच आकडा वाचायचा. सगळा फरक एकाच कोपऱ्यात काढायचा नाही. एका कर्णाच्या दोन्ही बैठकी थोड्या वर आणि दुसऱ्याच्या तेवढ्याच खाली घेतल्या, तर गाडीची उंची टिकते. शेवटी लिंक परत जोडताना ती ताणाशिवाय बसली पाहिजे. लांबी कमी-जास्त होणारी लिंक असेल तर हे सोपं जातं.

अलाइनमेंट या सगळ्यानंतर. उंची बदलली की कॅम्बर आणि टो हे चाकांचे दोन्ही कोन हलतात, त्यामुळे आधी केलेली अलाइनमेंट फुकट जाते.

आता ‘कधी’. कंपनीच्या मूळ सस्पेन्शनवर बैठक फिरवायची सोयच नसते. तिथे काट्यावर फक्त निदान होतं: आकडे फारच विचित्र आले तर बसलेली स्प्रिंग किंवा जुन्या अपघाताचा वाकडेपणा शोधायचा. ट्रॅकवर पहिल्यांदा जाणाऱ्याने पैसे ब्रेक पॅडवर, ताज्या ब्रेक ऑइलवर, चांगल्या टायरवर आणि शेजारी बसून शिकवणाऱ्या प्रशिक्षकावर घालावेत. ब्रेक ऑइल उकळून पेडल खाली गेलं, तर कर्ण कितीही अचूक असले तरी उपयोग नाही.

पण कॉइलओव्हर बसवले, गाडी खाली घेतली, आतलं सामान उतरवलं किंवा रोल केज टाकला, की चालढकल करू नये. असं उंची बदलता येणारं सस्पेन्शन अंदाजाने फिरवलं, तर गाडी मूळच्यापेक्षा वाईट होऊ शकते, आणि ते रस्त्यावर कळतही नाही. नव्या स्प्रिंग थोड्या बसू द्याव्यात, मग काट्यांवर जावं. कर्ण ५० टक्क्यांच्या अर्धा टक्का इकडे-तिकडे आला, तर ट्रॅक डेसाठी पुरे.

‘अमेरिकेत तर मुद्दाम बिघडवतात’ हा आक्षेपही ऐकू येतो. खरं आहे. नॅस्कारच्या ओव्हल ट्रॅकवर गाड्या डावीकडेच वळतात, म्हणून तिथे कर्ण हेतुपुरस्सर कमी-जास्त ठेवतात. पिट स्टॉपमध्ये मेकॅनिक मागच्या काचेतल्या भोकातून लांब पाना घालून तो बदलतो. आपल्या ट्रॅकवर दोन्ही बाजूंची वळणं आहेत. तिथे एका बाजूला मिळालेला फायदा दुसऱ्या बाजूला फेडावा लागतो.

काम झालं की चारही आकडे, पेट्रोल, हवेचा दाब, चालकाचं वजन आणि प्रत्येक बैठकीखाली दिसणाऱ्या आट्यांची मिलिमीटरमधली लांबी लिहून घ्यावी. पुढे एखादा शॉकअप उतरवावा लागला, तर मेकॅनिक त्याच मापावर बैठक परत आणू शकतो. स्प्रिंग बदलली, गाडी कशाला धडकली किंवा बराच जड-हलका चालक नेहमीसाठी बसणार असेल, तेव्हा पुन्हा मोजावं. एरवी दर ट्रॅक डेला काट्यांवर चढवायची गरज नाही.