कँटीनच्या शेजारचं दुकान

नगरच्या लष्करी छावणीजवळच्या भिंगारमध्ये दुकान टाकणाऱ्याला धंद्यातला सगळ्यात अवघड प्रश्न पहिल्याच दिवशी पडतो. जो साबण, जी टूथपेस्ट, जो बिस्किटांचा पुडा तो विकायला बसलेला असतो, तोच माल लष्कराच्या कँटीनमध्ये त्याच्यापेक्षा स्वस्त मिळतो. दर महिन्याला नेमाने पगार होणारं हुकमी गिऱ्हाईकही तिथेच जातं. तरी भिंगारची पेठ पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. हे कसं जमतं, याचं उत्तर नीट शोधलं तर मार्केटिंग, वितरण आणि व्यवस्थापन या तिन्ही विषयांची तोंडओळख इथल्या इथे होते. अकरावी-बारावीला ‘वाणिज्य संघटन व व्यवस्थापन’ शिकणाऱ्या आमच्या मुलांना व्याख्या पाठ येतात. त्या व्याख्या गल्ल्यावर कशा दिसतात हे मात्र क्वचितच कुणी दाखवतं.

आधी कँटीनचं गणित पाहू. कँटीन स्टोअर्स डिपार्टमेंट, म्हणजे सीएसडी, १९४८ साली सुरू झालं. ते संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे आणि त्याचं मुख्यालय मुंबईत आहे. कंपन्यांकडून माल घ्यायचा, देशभरातल्या चौतीस डेपोंमध्ये उतरवायचा आणि तिथून युनिटच्या कँटीनना द्यायचा, अशी त्याची रचना. खरेदी प्रचंड असल्यामुळे कंपन्या भाव कमी लावतात, जीएसटीत निम्मी सवलत मिळते, आणि मधले घाऊक-किरकोळचे टप्पे गळून पडतात. आपल्या नेहमीच्या बाजारात कंपनीचा माल सीएनएफ एजंटाकडे येतो, तिथून डिस्ट्रिब्युटरकडे, तिथून घाऊक व्यापाऱ्याकडे किंवा थेट किराणा दुकानात. प्रत्येक टप्प्यावर कुणाचं तरी भाडं, कुणाचा तरी टेम्पो, कुणाचं तरी अडकलेलं भांडवल आणि कुणाचा तरी नफा किमतीत मिसळतो. भिंगारच्या दुकानदाराने कितीही पोट मारलं तरी तो या साखळीच्या शेवटच्या कडीवर उभा आहे. भावाच्या बाबतीत कँटीनशी त्याची बरोबरी होणं शक्य नाही.

मग तो काय करतो? भावाची लढाई सोडून देतो. मार्केटिंगचा पहिला धडा हाच आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचाही. कँटीनमध्ये जाण्यासाठी कार्ड लागतं, तिची वेळ ठरलेली असते, ठरावीक मालच तिथे असतो. जवानाच्या गरजा त्याबाहेर पुष्कळ उरतात. वर्दी अंगासरशी करून घ्यायची असते, छातीवरची नावाची पट्टी हवी असते. बदलीचा हुकूम आला की पत्र्याची काळी ट्रंक आणि तिच्यावर रंगाने घातलेलं नाव, नंबर, युनिट. मुलांच्या शाळेच्या वह्या, रात्री साडेआठला संपलेलं दूध, कुकरची शिट्टी, मिक्सरची दुरुस्ती. शिवाय दूर केरळ, बंगाल, पंजाबातून आलेल्या कुटुंबांना आपल्या चवीचं काहीतरी हवं असतं. मोहरीचं तेल, उकडा तांदूळ ज्याने दुकानात ठेवला, त्याच्याकडे ती कुटुंबं आपसूक वळतात, आणि एकदा आलेली बाई बाकीचा बाजारही तिथेच करते. पुस्तकात याला बाजाराचं विभाजन म्हणतात: सगळ्यांना सगळं विकण्याऐवजी, कुणाला काय हवंय ते ओळखून त्यातला आपल्याला झेपेल तो भाग उचलायचा.

जेरोम मॅकार्थी या अमेरिकन प्राध्यापकाने १९६० साली मार्केटिंगची चार अंगं मांडली: वस्तू, किंमत, ठिकाण आणि प्रसिद्धी. इंग्रजीत चारही शब्द ‘पी’ने सुरू होतात म्हणून ‘फोर पी’ हे नाव जगभर रूढ झालं. आपल्याकडचा नवा दुकानदार या चारांतल्या एकालाच धरून बसतो, किमतीला. दोन रुपये कमी लावले की गिऱ्हाईक येईल असं त्याला वाटतं. येतंही, पण शेजाऱ्याने तीन रुपये कमी केले की तेच गिऱ्हाईक तिकडे जातं. किंमत हे सगळ्यात लवकर नक्कल होणारं अंग आहे. वस्तूची पारख आणि सोयीचं ठिकाण यांची नक्कल करायला वेळ लागतो, आणि विश्वासाची करायला तर वर्षं जातात.

भिंगारला वितरणाचा धडा मात्र फार जुना आहे. १४९० साली निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमदने बहामनी फौजेचा पराभव केला तो याच परिसरात, आणि पुढे चारेक वर्षांनी शेजारी अहमदनगर वसलं. १७०७ मध्ये औरंगजेबाचा शेवट झाला तो भिंगारच्या छावणीत. इतक्या मोठ्या फौजा महिनोन्‌महिने एका जागी राहायच्या म्हणजे धान्य, मीठ, चारा सतत येत राहायला हवा. ते काम बैलांचे तांडे घेऊन फिरणारे लमाण-वंजारी करत. ऑगस्ट १८०३ मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने आधी नगरची पेठ आणि मग, १२ ऑगस्टला, भुईकोट किल्ला ताब्यात घेतला. हा किल्ला भिंगार आणि शहर यांच्या मधेच आहे. पुढच्या मोहिमेसाठी त्याने नगर हे रसदीचं ठाणं केलं, आणि सव्वा महिन्याने असईची लढाई जिंकली. तोफांबद्दल आपण पुष्कळ वाचतो, पण धान्याची पोती आणि बैल यांची तजवीज वेलस्ली किती बारकाईने करायचा हेही तितकंच अभ्यासण्यासारखं आहे. माल कुठे साठवायचा, किती दिवसांचा साठवायचा, कोण कुठल्या वाटेने पोचवणार आणि वाट बंद झाली तर दुसरी कोणती: आजच्या वितरण व्यवस्थापकासमोरचे प्रश्न हेच असतात.

आता याच नगरच्या कारखान्यातून निघालेल्या एका वस्तूकडे येऊ. तिच्यात तिन्ही विषय इतके स्वच्छ दिसतात की मी विद्यार्थ्यांना नेहमी तीच उदाहरणादाखल सांगतो. लूना. फिरोदिया घराणं नगरचं. ह. क. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली नगरमधून पन्नास सीसीची ही मोपेड बाजारात आणली. रचना इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या ‘चाओ’ या गाडीवर आधारलेली होती. त्या काळात स्कूटर हवी असेल तर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे, आणि किंमतही कारकून-शिक्षकाच्या आवाक्याबाहेर. दुसऱ्या टोकाला सायकल. या दोघांच्या मधे लाखो माणसं उभी होती आणि त्यांच्यासाठी बाजारात जवळजवळ काहीच नव्हतं. लूनाने नेमकी ती मधली जागा घेतली. पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी जाता येईल, हा सायकलवाल्याला दिलेला धीर होता. गिअर नव्हते, वजन हलकं, त्यामुळे स्त्रियाही बिनधास्त चालवू लागल्या.

पुढे ऐंशीच्या दशकात पियूष पांडे यांनी ओगिल्व्हीसाठी केलेली ‘चल मेरी लूना’ ही जाहिरात गाजली, आणि आजही लोकांना तीच आठवते. पण जाहिरातीने लूना चालली असं म्हणणं मला पटत नाही. लूना चालली कारण ती बिघडली तर गावातला सायकल दुरुस्तीवालासुद्धा तिला हात लावू शकत होता. विक्रीनंतरची सेवा कंपनीच्या शोरूमपुरती राहिली असती तर पाथर्डी-शेवगावच्या वाडीवस्तीवर ती गेलीच नसती. दुधाच्या किटल्या, वर्तमानपत्रांचे गठ्ठे, पावाच्या लाद्या, कोंबड्यांच्या जाळ्या घेऊन ती दारोदार हिंडली. म्हणजे स्वतः विकली जाणारी वस्तूच इतरांच्या मालाचं वितरण करू लागली.

मग ती मागे का पडली? १९८० साली टीव्हीएस फिफ्टी आली, १९८५ मध्ये हिरो होंडाची जास्त मायलेज देणारी मोटरसायकल आली, स्कूटरची रांग संपली. मधली जागा दोन्ही बाजूंनी भरली. कायनेटिकने स्वतः होंडाबरोबर १९८४ मध्ये बटण-स्टार्टची स्कूटर काढली होती. १९९८ मध्ये होंडा त्या भागीदारीतून बाहेर पडली, आणि २००८ मध्ये कायनेटिकचा दुचाकी व्यवसाय महिंद्रकडे गेला. थिओडोर लेव्हिट यांनी १९६० च्या एका प्रसिद्ध लेखात बजावलं होतं की कंपन्या आपल्या वस्तूच्या प्रेमात पडतात आणि गिऱ्हाईकाची गरज कुठे सरकली ते पाहात नाहीत. मोपेडच्या बाबतीत गरज ‘स्वस्तात पोचणं’ ही होती, आणि ती भागवणारे दुसरे पर्याय आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये कायनेटिक ग्रीनने विजेवर चालणारी ई-लूना आणली तेव्हा पुन्हा मालवाहू, छोटा धंदेवाईक गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवला. जुन्या नावाचा उपयोग कसा करायचा, याचा तो ताजा धडा आहे.

नवी वस्तू लोकांच्या गळी उतरवणं म्हणजे काय, हे लोखंडी नांगर बनवणाऱ्या किर्लोस्करांइतकं मराठी माणसात कुणी सोसलं नसेल. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली असं त्यांच्या कारखान्याच्या इतिहासात सांगतात. १९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली ती मुळात कारखान्याचं मुखपत्र म्हणून. शेतकऱ्याशी, गिऱ्हाईकाशी बोलत राहायचं, हा हेतू. त्यातूनच पुढे मराठीतलं एक नामांकित मासिक उभं राहिलं.

ज्याच्या हातात वितरण नाही त्याचं काय होतं, हे पाहायचं असेल तर नेप्तीच्या उपबाजारात कांद्याच्या लिलावाच्या दिवशी जावं. शेतकरी चार महिने राबतो, आणि भाव ठरतो काही क्षणांत, दुसऱ्याच्या बोलीवर. २०१६ पासून अडत खरेदीदाराकडून घेतली जाते, ही मोठी सुधारणा. पण भाव ठरवण्याची ताकद त्याने हातात येत नाही. उसाच्या बाबतीत याच जिल्ह्याने वेगळी वाट काढली. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणी परिसरातले शेतकरी एकत्र केले, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले, आणि १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना चालू झाला. कच्चा माल विकणारा स्वतःच पक्क्या मालाचा मालक झाला. गावोगाव माणसं जोडणारा एक, हिशेब आणि धोरण पाहणारा दुसरा. व्यवस्थापनातली कामाची वाटणी याहून चांगली दाखवता येणार नाही.

व्यवस्थापनाचं मोठं शास्त्र आहे. फ्रान्सच्या हेन्री फेयॉलने १९१६ मध्ये नियोजन, संघटन, आदेश, समन्वय आणि नियंत्रण अशी त्याची कामं सांगितली. छोट्या दुकानाला यातलं नियंत्रण सगळ्यात जास्त नडतं, आणि नियंत्रण म्हणजे हिशेब. इथे जरा थांबून आकडे मांडतो.

समजा, बिस्किटांचा एक खोका ९०० रुपयांना घेतला आणि १००० ला विकला. पंधरा दिवसांत संपला, पुन्हा आणला. वर्षाला चोवीस फेऱ्या. ९०० रुपयांच्या भांडवलावर वर्षाचे २४०० रुपये सुटले. शेजारच्या फळीवर १६०० ला घेतलेला कुकर आहे, तो २००० ला जातो. नफा एका नगावर ४०० रुपये, पण वर्षात खपतात दोनच. १६०० वर ८०० सुटले. दुकानदाराला कुकरचा नफा डोळ्यांत भरतो आणि तो त्यातच पैसे अडकवतो. खरं तर पैसा किती वेळा फिरला यावर कमाई ठरते. असं फिरत राहणाऱ्या पैशालाच खेळतं भांडवल म्हणतात.

दुसरी चूक दिवाळीच्या सेलमध्ये होते. ८० रुपयांच्या खरेदीवर २५ टक्के चढवून १०० किंमत लावली, मग २० टक्के सूट दिली. आपल्याला पाच टक्के तरी राहिले असं वाटतं. प्रत्यक्षात शंभराचे वीस टक्के वजा झाले की ८० उरतात. वीज, नोकर, पिशवी हे सगळं पदरचं गेलं.

तिसरी गोष्ट उधारी. छावणीच्या गावात ती जास्तच जपून करावी लागते, कारण दर दोन-तीन वर्षांनी माणूस बदलून जातो. बुडवायची इच्छा नसली तरी जम्मूहून पाचशे रुपये कोण पाठवणार? दहा टक्के नफ्यावर चालणाऱ्या दुकानाला बुडालेले पाचशे भरून काढायला पाच हजारांची जादा विक्री करावी लागते.

बदल्यांची हीच रीत नीट वापरली तर फायद्याचीही आहे. नगरला आर्मर्ड कोअरचं केंद्र आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं रेजिमेंटल केंद्र असल्यामुळे प्रशिक्षणाच्या तुकड्या येत-जात असतात. शपथग्रहणाच्या संचलनाला जवानांचे आईवडील दुरून येतात; त्यांना राहायला खोली, जेवण, रिक्षा, फोटो, घरी न्यायला काहीतरी भेट, असं सगळं लागतं. हे दिवस ज्याला आधी कळले आणि ज्याने माल त्याप्रमाणे भरला, त्याने मागणीचा अंदाज बांधण्याचा धडा वापरला. नवीन आलेल्या कुटुंबाला पहिल्या आठवड्यात कोणत्या वस्तू लागतात त्याची यादी करून ठेवणारा दुकानदार पुढची दोन-तीन वर्षं त्या घराचा दुकानदार होतो.

ऑनलाइन कंपन्या आणि दहा मिनिटांत घरपोच देणारी ॲप्स यांच्यामुळे आता गावोगावच्या दुकानदारांपुढे, मग ते शेवगावचे असोत की सांगोल्याचे, मोठा आणि स्वस्त शेजारी येऊन बसला आहे. भिंगारला तो जवळजवळ ऐंशी वर्षांपासून ठाऊक आहे. इथल्या पेठेत आठवडाभर फिरून कोण काय विकतो आणि काय विकत नाही ते टिपून ठेवलं, तर वाणिज्याच्या कुठल्याही विद्यार्थ्याला उत्तम प्रकल्प होईल. शिक्षकांनी तो जरूर द्यावा.

दुकानदार वाचकांना एक विनंती. या लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजाल, तेव्हा रोजमेळ आणि खतावणी यांच्या जोडीला आणखी दोन पानं आखा. एकावर दुकानातल्या दहा मुख्य वस्तू किती वेळा फिरल्या ते लिहा. दुसऱ्यावर, गिऱ्हाईकाने मागितलेली आणि आपल्याकडे नसलेली प्रत्येक वस्तू तारखेसह लिहा. पाडव्यापासून सुरुवात करा आणि संक्रांतीला ती दोन्ही पानं उघडून पुढची खरेदी ठरवा.