पोस्टरचीही वीण मोजून घ्या

गेल्या रमजानात दुकानासाठी आम्ही दहा फूट बाय चार फुटांचा फ्लेक्स करून घेतला. मोबाईलवर आलेले चित्र झकास दिसत होते, तेच छापायला दिले. रात्री फ्लेक्स चढला. सकाळी पाहतो तो दुपट्ट्यांचे भावच वाचता येईनात! पैसे गेलेच, ऐन खरेदीचे दोन दिवसही गेले.

दोष छापणाऱ्याचा नव्हता. कापडात आपण इंचाला धागे मोजतो, तसे चित्रात इंचाला पिक्सेल मोजतात. हातात धरून वाचायच्या पत्रकाला इंचाला ३०० लागतात. म्हणजे ए-४ कागदाला २४८० बाय ३५०८. रस्त्यावरून पाहायच्या फ्लेक्सला ७२ पुरतात, पण आमच्या मापाला तेही ८६४० बाय ३४५६ होतात. आमचे चित्र होते १०८० रुंदीचे, म्हणजे इंचाला अवघे ९. मच्छरदाणीची वीणही याहून दाट असते!

नुसते व्हॉट्सअपवर फिरवायचे असेल तर १०८० बाय १०८० भरपूर झाले. मात्र छापायचे चित्र फोटो म्हणून पाठवू नये, ते दाबले जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. लहान चित्र मागाहून मोठे केले तरी नवे धागे त्यात येत नाहीत. म्हणून आम्ही आता पोस्टर बनवणाऱ्या मुलाला फुटांचे माप आधीच चिठ्ठीवर लिहून देतो.