कॅमेरा घ्यायचाय? आधी खिसा बघा!

मुलांनो, परीक्षेचा निकाल लागला किंवा वाढदिवस जवळ आला, की घराघरांतून एक मागणी हमखास ऐकू येते, 'मला कॅमेरा हवाय!' त्यावर बाबांचं उत्तरही ठरलेलं. 'अरे, फोन आहे की घरात!' बाबांचं चूक नाही. फोनवर छान फोटो निघतात, आणि शिकायला सुरुवात तिथूनच करावी. पण ज्याला बाजारातले, गल्लीतले, स्टेशनबाहेरचे फोटो काढायचेत, त्याची अडचण निराळीच. फोन आईचा असतो, आणि नेमका फोटो दिसतो तेव्हा त्यावर मावशीचा कॉल येतो! अशांसाठी खिशात मावणारा छोटा कॅमेरा, म्हणजेच कॉम्पॅक्ट कॅमेरा, फार कामाचा. मग कुठला घ्यायचा?

दुकानदार तुम्हाला आधी दोन आकडे सांगेल, मेगापिक्सेल आणि झूम. दोन्हींना भुलू नका. ए-४ कागदावर सुबक फोटो छापायला ९ मेगापिक्सेलसुद्धा पुरतात. आणि झूमचं म्हणाल, तर उल्हासनगरचा कापडबाजार डोळ्यांसमोर आणा. दोन्ही बाजूंना ठाण, मध्ये माणसांची रेटारेटी, मागे सरकायला जागा नाही. तिथे दूरचं जवळ आणून काय करणार? तिथे हवी रुंद नजर. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात '२८ मिमी' किंवा '२४ मिमी' असं लिहिलेलं शोधा. हा आकडा जितका लहान, तितकं जास्त दृश्य फोटोत मावतं.

तिसरा आकडा मात्र दुकानदार सांगत नाही, आणि खरा महत्त्वाचा तोच. बटण दाबल्यावर फोटो किती वेळाने निघतो? ताशी ५ किलोमीटर वेगाने चालणारा माणूस अर्ध्या सेकंदात सुमारे ७० सेंटिमीटर पुढे जातो. म्हणजे कॅमेरा अर्धा सेकंद रेंगाळला, की भाजीची टोपली डोक्यावर घेतलेल्या मावशी फोटोच्या बाहेर!

हे दुकानातच तपासता येतं. बाबांच्या फोनवर स्टॉपवॉच सुरू करा, कॅमेरा त्यावर रोखा आणि ५ चा आकडा दिसताच बटण दाबा. आता फोटो बघा, त्यात किती वाजलेत? आपलं बोटही थोडा वेळ घेतंच, म्हणून एकाच कॅमेऱ्यावर निकाल देऊ नका. दोन-तीन कॅमेऱ्यांवर हाच प्रयोग करून तुलना करा. मग दुसऱ्यांदा बटण आधी अर्धंच दाबून धरा आणि ५ झाले की पूर्ण दाबा. अर्धं दाबल्यावर कॅमेरा अंतर आधीच जुळवून ठेवतो, त्यामुळे आकड्यांत केवढा फरक पडतो ते पाहून गंमत वाटेल. कॅमेरा खिशातून काढून पहिला फोटो निघेपर्यंत किती सेकंद लागतात, तेही मोजा.

लहान कॅमेऱ्याचं हे वेड काही नवं नाही. फ्रान्सचे हेन्री कार्तिए-ब्रेसाँ लायका नावाचा छोटा कॅमेरा वापरत, आणि तो चमकून लोकांच्या डोळ्यांत भरू नये म्हणून त्यावर काळी पट्टी चिकटवत. १९४७ मध्ये ते भारतात आले आणि कुरुक्षेत्रातल्या निर्वासितांच्या छावणीत त्यांनी फोटो काढले. फाळणीनंतरच्या त्याच काळात कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी कुटुंबं येऊन राहत होती. १९४९ मध्ये त्या वस्तीचं नाव झालं उल्हासनगर. 'कॅम्प नंबर १' ते '५' ही नावं त्या छावणीचीच आठवण! (मोठ्या कॅमेऱ्याने अडतं असंही नाही हं. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या होमाई व्यारावाला जडशीळ कॅमेरा घेऊन दिल्लीभर फिरल्या. पण त्या वृत्तछायाचित्रकार होत्या, लोकांना त्यांच्या कॅमेऱ्याची सवय होती.)

आता एक करा. घरातले जुने आल्बम काढा. लग्नं, बारशी, सहली सगळं सापडेल. पण आजोबा रोज ज्या रस्त्याने स्टेशनला जात, त्या रस्त्याचा फोटो आहे का? बदलापुरात कौलारू घरांच्या जागी उंच इमारती उभ्या राहताहेत. आज कोपऱ्यावर बसणारा चप्पल शिवणारा आणखी १० वर्षांनी तिथे असेलच असं नाही. कोणीतरी त्याचा फोटो काढायला हवा, आणि तो तुम्हीही काढू शकता.

मात्र त्याला विचारून! 'काका, फोटो काढू का?' एवढंच. नाही म्हणाले तर कॅमेरा खाली. काढलेला फोटो त्यांना दाखवा, पुसून टाक म्हणाले तर पुसून टाका. फ्लॅश आणि बटणाचा 'पीं' आवाज आधीच बंद करून ठेवा. आणि अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीकडे कॅमेरा वळवायचा नाही, तिथे फोटोला बंदी असते.

अंधाराचाही विचार करायला हवा. संध्याकाळी ७ वाजता दिव्यांखालची भाजीची पाटी टिपायची, तर आतला प्रकाश झेलणारा तुकडा, म्हणजे सेन्सर, मोठा हवा. स्वस्त कॉम्पॅक्टमध्ये तो साधारण ६ मिमी रुंद असतो. रिको जीआर नावाच्या पाव किलोच्या कॅमेऱ्यात तो साडेतेवीस मिमी रुंद आहे, आणि त्याला झूम नाहीच, फक्त २८ मिमीची रुंद नजर! पालकहो, त्याची किंमत विचारून घाबरू नका, शाळकरी मुलाला तो घेऊन द्यायची काहीच गरज नाही. सुरुवात उजेडातल्या फोटोंनी करावी.

फोनमुळे स्वस्त नवे कॉम्पॅक्ट बाजारात फारसे उरले नाहीत, म्हणून वापरलेला घ्यायलाही हरकत नाही. बदलापूरहून लोकलने सीएसएमटीला उतरलं, की जवळच बोरा बाजारच्या भागात कॅमेऱ्यांची दुकानं आहेत. जाताना आपलं मेमरी कार्ड न्या, कारण जुन्या कॅमेऱ्यांत हल्लीची मोठी कार्डं कधी कधी चालत नाहीत. बॅटरी फुगलेली नाही ना आणि चार्जर सोबत मिळतोय ना, ते बघा. मग पांढऱ्या कागदाचा एक फोटो काढा आणि पडद्यावर मोठा करून पाहा. काळे ठिपके दिसले तर आत धूळ आहे असं समजा, कॅमेरा हळूच काउंटरवर ठेवा आणि पुढच्या दुकानात शिरा.