चाकांवरचे घर आणि चालकाचा परवाना

इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्स या प्रदेशांत सुटी लागली की मोटारीमागे चाकांवरचे लहानसे घर जोडून समुद्रकाठी निघालेली कुटुंबे दृष्टीस पडतात. या घरास तेथे कॅरॅव्हॅन म्हणतात. ती ओढण्यास मोटारीचा साधा परवाना पुरतो काय, याचे उत्तर मात्र काळाप्रमाणे बदलत आले आहे.

१ जानेवारी १९९७ पूर्वीच्या परवान्यावर मोटार व जोडगाडी मिळून सामान्यतः ८,२५० किलोंपर्यंत मुभा होती. त्यानंतरच्या चालकास ७५० किलोंहून जड जोडगाडी ओढावयाची असेल आणि दोहोंचे मिळून कमाल वजन ३,५०० किलोंवर जात असेल, तर निराळी परीक्षा द्यावी लागे. २०२१ साली मालट्रकचालकांची टंचाई भासली. त्यांच्या चाचण्यांसाठी परीक्षक मोकळे व्हावेत म्हणून १६ डिसेंबर २०२१ पासून जोडगाडीची परीक्षा रद्द झाली. आता ३,५०० किलोंपर्यंतची जोडगाडी साध्या परवान्यावर ओढता येते.

परीक्षा गेली, तरी धोका गेलेला नाही. जड सामान मागील टोकास ठेवल्यास वेगात जोडगाडी डोलू लागते आणि मोटारीलाही आपल्याबरोबर खेचते. म्हणून अवजड वस्तू तळाशी, आसाजवळ ठेवाव्यात. आपली मोटार किती भार ओढू शकते, हे निघण्यापूर्वी पाहावे आणि मोटारमार्गावर ताशी ६० मैलांची मर्यादा ओलांडू नये. डोलणे सुरू झालेच, तर जोराने ब्रेक न दाबता वेग हळूहळू उतरू द्यावा. जे पूर्वी परीक्षक पाहत असे, ते आता चालकानेच पाहावयाचे आहे.