दिल्लीच्या कडुनिंबावरचा लालबुंद सरडा

एप्रिलचं ऊन तापू लागलं की दिल्लीत लोधी गार्डनच्या कुंपणावर, रिजवरच्या विलायती कीकरावर, नोएडा-गुरुग्राममधल्या सोसायट्यांच्या कडुनिंबावर लाल डोक्याचे सरडे दिसू लागतात. डोकं आणि खांदे शेंदरी, गळ्याशी काळा डाग, मानेवर काट्यांचा तुरा. पुढच्या पायांवर जोर काढल्यासारखं अंग वर-खाली करत ते भोवतालच्या नरांना बजावत असतात, की ही फांदी माझी आहे.

दिल्लीकर त्याला गिरगिट म्हणतात आणि पुष्कळ सुशिक्षित माणसंही त्याला शॅमेलिऑन समजतात. तो शॅमेलिऑन नव्हे. खऱ्या शॅमेलिऑनचे दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरतात, बोटं चिमट्यासारखी जुळलेली असतात, शेपूट फांदीला विळखा घालते आणि जीभ लांबवर झेपावते. भारतात त्याची एकच जाती, तिला मराठीत सरडगुहिरा म्हणतात. दिल्लीच्या झाडांवरचा हा प्राणी मात्र अगामा कुळातला बागसरडा, कॅलोटस. १८०२ साली फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ दोदँ यांनी त्याचं वर्णन केलं, आणि त्यानंतर दोन शतकं पाकिस्तानपासून आग्नेय आशियापर्यंतचे असे सगळे सरडे एकाच नावाखाली गोळा होत राहिले. २०२१ मध्ये गौरांग गोवंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकीय पुराव्यावरून दाखवलं, की त्या एका नावामागे किमान चार वेगळ्या जाती दडल्या आहेत. इतका ओळखीचा प्राणी आपण इतकी वर्षं नीट ओळखलाच नव्हता!

रंग बदलतो तो लपण्यासाठी, हा समज तर फारच घट्ट रुजला आहे. लपायचं असेल तर भर उन्हात डोकं लालभडक कोण करील? विणीच्या हंगामात हा लाल रंग मादीला बोलावतो आणि दुसऱ्या नराला धमकावतो. झुंजीत हरलेला नर काही वेळातच मातकट होऊन बाजूला सरकतो. सकाळी अंग गडद असलं की ऊन लवकर शोषलं जातं, हाही रंगाचा एक उपयोग. कातडीतल्या रंगपेशींमध्ये मेलॅनिनचे कण पसरले की अंग काळवंडतं, आकसले की उजळतं. त्यामागे संप्रेरकांचा हात असतो. शॅमेलिऑनची तऱ्हा आणखी निराळी. मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनच्या कातडीत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त झालं की परावर्तित होणारा प्रकाशच बदलतो, हे जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये उलगडलं.

पण मला या सरड्याच्या रंगाहून त्याच्या अंड्यांची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. आयुष्य झाडावर काढणारी मादी अंडी घालायला जमिनीवर उतरते. ओलसर, मऊ माती पायांनी उकरते, साधारण १० ते २० अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. पुढचे सहा-सात आठवडे सगळी भिस्त त्या मातीवर. योग्य जागा आणि ओल मिळाली नाही तर मादी काही काळ अंडी पोटातच राखू शकते, असं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात झालेल्या अभ्यासांतून दिसलं. त्याहून चकित करणारं एक निरीक्षण २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. पिल्लू नर होणार की मादी, हे या सरड्यात अंडं उबताना मिळणाऱ्या तापमानावर ठरत असावं. कमी तापमानाला माद्या, थोड्या जास्त तापमानाला नर, आणखी वाढलं की पुन्हा माद्या आणि त्याच्याही वर पुन्हा नर. असा दुहेरी हेलकावा सरपटणाऱ्या प्राण्यांत फार विरळा.

म्हणजे मातीचं तापमान दोन-चार अंशांनी चढलं तर पुढच्या पिढीतलं नर-मादीचं प्रमाणच बिघडू शकतं. आणि राजधानीत आपण नेमकं मातीशीच वैर धरलं आहे. पदपथावरच्या झाडांच्या बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलं जातं, पालापाचोळा रोज झाडून नेला जातो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. तो झाडांच्या मुळांसाठी होता, पण त्या मीटरभर मातीत सरड्याची मादीही अंडी घालू शकते.

सरडा मुंग्या, नाकतोडे, भुंगेरे, अळ्या खातो. त्याला शिक्रा, खंड्या, भारद्वाज, धामण खातात. तो गेला तर या सगळ्यांच्या ताटातलं काहीतरी कमी होणार. गुरुग्रामच्या अरवली जैवविविधता उद्यानात लोकांनी जुन्या खाणीच्या जागेवर देशी झाडं लावून दाखवली आहेत. सोसायटीत तेवढं जमणार नाही, हे मान्य. पण पुढच्या बैठकीत अंगणाला टाइल्स बसवण्याचा ठराव आला, तर झाडांखालची माती तेवढी उघडी ठेवा आणि तिथला पाचोळा पावसाळा संपेपर्यंत उचलू नका.